ज्येष्ठेची एकदाणी

आधीच माफी मागते. चौथीनंतर माझी शाळा सुटली. लिहिताना हात थांबतो, कुठली वेलांटी द्यावी ते आठवत नाही, आणि अक्षर पाय मोडलेल्या मुंगळ्यासारखं कागदावर फरपटतं. हे कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही. पण देवीनं जे केलं ते मनातच ठेवलं तर माझ्याबरोबरच जाईल, असं वाटतं. तोंडानं सांगायला मला जमत नाही. चार बायका बसल्या की माझा आवाज घशातच राहतो. म्हणून ही वही. कुणाच्या हाती पडलीच तर चुका सुधारून घ्याव्यात.

सुरुवात झाली ती धापेनं. आमचं गाव देऊळगाव राजापासून जवळच. आमच्याकडे शेडनेटमध्ये मिरचीचं बियाणं घेतात. संध्याकाळी कळी चिमट्यानं उकलून तिच्यातला नर काढायचा, सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग बोटानं लावायचा आणि खुणेला दोरा बांधायचा. हलकं काम, बायकांच्या बोटांचं. कितीतरी वर्षं मी ते करत आले. त्या वर्षी मात्र एक सरी संपेपर्यंत मला दोनदा नेटच्या खांबाला धरून उभं राहावं लागे. आधी वाटलं वय झालं, मग वाटलं रक्त कमी असेल. पाय सुजले. जोडवी बोटांत इतकी रुतली की साबण लावूनही निघेनात. आडवं झालं की छातीवर कोणी बसल्यासारखं व्हायचं. म्हणून मी भिंतीला पोतं टेकवून बसल्या बसल्याच झोपू लागले. झोप कसली, नुसता खोकला.

ती भिंत दोन घरांची मिळून एक आहे. पलीकडे माझ्या थोरल्या जाऊबाई राहतात. आम्ही दोघी अकरा वर्षं एकमेकींशी बोललो नव्हतो. भिंतीपलीकडे त्यांचा तवा वाजला की मला कळायचं, आता भाकरी झाली. त्यांचा खलबत्ता थांबला की कळायचं, आता चहा ठेवला असेल. त्या कधी बोलतात, कधी गप्प असतात, कधी नुसतंच "आई गं" म्हणून उठतात, सगळं मला पाठ होतं. भिंतीला पाठ लावून बसलेली मी तेच ऐकत राहायची. दुसरं काही ऐकायला माझं मन मागतच नव्हतं.

त्यांना मी बाई म्हणते. सतरा वर्षांची असताना या घरात आले. माझी आई मी लहान असतानाच गेली होती, त्यामुळे घरकामातलं मला धड काहीच येत नव्हतं. पहिल्या पोळ्याला माझी पुरणपोळी तव्यावर फुटली, पुरण जळून धूर झाला. सासूबाई बाहेरून विचारत होत्या, कसला वास येतो. बाईंनी फुटलेली पोळी स्वतःच्या ताटात घेतली आणि आपली चांगली पोळी माझ्या नावानं वाढली. कुणाला कधी सांगितलं नाही. मला त्या धाकले म्हणायच्या. त्यांच्या तोंडून तो शब्द आला की मला उगाचच पोट भरल्यासारखं वाटायचं.

आमच्या घरात भाद्रपदात महालक्ष्मी उभ्या राहतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी. सासूबाईंच्या सासूपासून आलेले पितळेचे दोन मुखवटे आहेत. पहिल्या दिवशी दोन सवाष्णी त्यांना हातात घेऊन, कुंकवाच्या पावलांवरून, दारातून आत आणतात. दरवर्षी ज्येष्ठा बाईंच्या हातात असायची आणि कनिष्ठा माझ्या.

मग भावाभावांची वाटणी झाली. रान वाटलं, बैल वाटले, भांडी वाटली. विहिरीकडचं रान थोरल्यांच्या वाट्याला गेलं. आमच्या घरचे, माझे मालक, काही बोलले नाहीत, पण गुरांच्या कोठ्यात जाऊन तोंड फिरवून उभे राहिले ते मी पाहिलं. शेवटी पंचांनी विचारलं, देवाचं कसं करायचं. रीत अशीच आहे की महालक्ष्मी थोरल्या घरी राहतात आणि धाकट्यांनी तिकडे जेवायला जायचं. सगळे तेच म्हणाले. दाराआड उभी होते मी. जन्मात कधी माणसांसमोर बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. म्हटलं, "एक आम्हाले."

पंचांनी बाईंकडे पाहिलं. बाई आत गेल्या. कनिष्ठेला त्यांनी स्वतःच्या नव्या खणात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. एवढंच म्हणाल्या, "ने. पण जोडी फोडली तू, धाकले." त्यानंतर त्यांनी मला हाक मारली नाही आणि मीही मारली नाही. रागानं मागितलं होतं हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. परत नेऊन द्यायला पाच मिनिटं लागली असती. लाज वाटली, आणि त्या लाजेत अकरा वर्षं गेली. मधे भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ, वारले. मी जाऊन बाईंच्या पायाशी बसले, पण तोंडातून शब्द निघाला नाही. त्यांनीही मान वर केली नाही.

म्हणून धाप लागू लागली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार डॉक्टरांचा आला नाही. वाटलं, हे देवीचं आहे. जोडी फोडली त्याचं आहे. गावातल्या डॉक्टरांनी सुया दिल्या, पित्ताच्या गोळ्या दिल्या, मी घेत राहिले. पण मनातून मला वाटायचं, कशाला, हे माझंच आहे, मला भोगू द्या. यांनी शेवटी हट्टानं जालन्याला नेलं. तिथं छातीला गार मलम लावून पडद्यावर हृदय पाहिलं. हृदय मोठं झालंय, रक्त ढकलायची ताकद फार कमी राहिली आहे, असं सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या. पाणी मोजून प्यायचं, मीठ बंद. लघवी होऊन सूज थोडी उतरे, पुन्हा चढे. असे चार-पाच महिने गेले. मग त्यांनीच संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात चिठ्ठी देऊन पाठवलं.

तिथले डॉक्टर तरुण होते, पण घाई करत नव्हते. छातीच्या पट्टीचा, ईसीजीचा, कागद माझ्यासमोर धरून म्हणाले, "मावशी, हृदयाच्या दोन बाजू असतात. दोन्ही एकदम दाबल्या गेल्या तर रक्त पुढं जातं. तुमची एक बाजू आधी दबते आणि दुसरी मागून येते. दोघींचं जमत नाही. म्हणून ताकद वाया जाते आणि हृदय थकतं." गोळ्यांनी व्हायचं तेवढं झालं, असं म्हणाले. आता खांद्याखाली कातडीच्या आत एक लहानसं यंत्र बसवायचं, त्याच्या तीन तारा शिरेतून हृदयात सोडायच्या. ते यंत्र दोन्ही बाजूंना एकाच वेळी इशारा देतं. बसवलं तर फरक पडायची आशा चांगली आहे. नाही बसवलं तर पुढचं वर्ष अवघड आहे.

मी कागदाकडे बघत राहिले. दोघींचं जमत नाही. त्या मुलानं हृदयाचं सांगितलं, पण मला दुसरंच ऐकू आलं. आता तर मला खात्रीच झाली की हे यंत्राचं काम नाही. पैशाचंही होतंच. सरकारी कार्डावर काही खर्च बसत होता, काही बसत नव्हता. आमच्या वाट्याला एक लाख ऐंशी हजार येत होते. मुलीच्या लग्नाचं नुकतंच उरकलं होतं, बियाण्याचे पैसे कंपनीकडून तपासणी झाल्यावर यायचे, म्हणजे सहा महिन्यांनी. हे खिडकीवर कागद विचारायला गेले तेव्हा मी बाकड्यावर बसून ठरवलं, नाही म्हणायचं. घरी जायचं आणि जेवढे दिवस आहेत तेवढे भिंतीला टेकून काढायचे.

शेजारी एक बाई येऊन बसल्या. लोणारकडच्या असाव्यात, तसं काहीतरी म्हणाल्या. अंगानं भरलेल्या, हिरवं लुगडं, मोठं कुंकू. मला म्हणाल्या, "काय व माय, मशीन सांगितली का तुले?" मी मान हलवली. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, पदर जरासा सरकवला आणि माझा हात ओढून आपल्या गळ्याच्या हाडाखाली ठेवला. कातडीखाली काडेपेटीएवढं काहीतरी टणक लागलं. मी हात मागे घेतला. त्या हसल्या. "भेऊ नको, चावत नाही. तीन वर्सं झाली. पहिले मी दोन पावलं चालत नव्हती. आता नातीले कडेवर घेऊन बाजार करतो."

मी विचारलं, मशीनमुळंच का?

त्या म्हणाल्या, "मशीन काई देव नाही. त्या दोघींले एकाच वक्ताले हाक मारते, बस. चालाचं ते त्याहिलेच लागते." मग विचारलं, "घरी कोण कोण हाय तुह्या?"

मी म्हटलं, हे आहेत. मुलगी चिखलीला दिली. आणि मग, अकरा वर्षांत पहिल्यांदा, माझ्या तोंडून निघालं, "जाऊ आहे."

"तिले सांगतलं का?"

"नाही."

"काऊन?"

त्यांनी नुसतं 'का' एवढंच विचारलं होतं. बाकड्यावर बसून मी तोंडात पदर धरून रडले. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, एवढंच. तेवढ्यात आतून कोणाचं तरी नाव पुकारलं आणि त्या उठून गेल्या. परत बाहेर येतील म्हणून मी वाट पाहिली, पण आम्हाला बस गाठायची होती. त्यांचं नाव विचारायचं राहिलं. पुढे तपासणीला जाताना दरवेळी मी त्या बाकड्याकडे बघते. पुन्हा दिसल्या नाहीत. त्या कोण होत्या ते मी ठरवायला जात नाही. माझ्यासारख्याच एक आजारी बाई असतील. पण मला जो प्रश्न कोणी विचारायला पाहिजे होता, तो त्यांनी विचारला.

दुसऱ्या दिवशी मी कनिष्ठेला खणातून काढलं, पुसलं आणि परत त्याच खणात गुंडाळलं. आमच्या दारापासून बाईंच्या दारापर्यंत तीस पावलंही नसतील. दोनदा ओट्याला टेकले. बाई दारातच गहू निवडत बसल्या होत्या. मला बघून हात थांबला, पण उठल्या नाहीत. मी गाठोडं त्यांच्या सुपाशेजारी ठेवलं आणि म्हटलं, "बाई, जोडी तुमच्याकडं असू द्या. माझं काही सांगता येत नाही आता."

त्यांनी आपला तो खण ओळखून त्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "अकरा वर्सं तोंड शिवून बसली, अन् आता आली ते निरवानिरव कराले?"

मी दाराची चौकट धरली.

"मराची लय घाई झाली का तुले? सोळा भाज्या कोण चिरीन मंग? तुह्या सासूले सरगातून बलावू का?"

मला हसूही येईना, रडूही येईना. धाप लागली होती. म्हणाल्या, "बस पहिले. रातभर खोकतं तू. मी का बहिरी हाय? भितीतून समदं आयकू येते मले."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग आल्या काऊन नाही?"

"तू काऊन नाही बलावलं?"

मी त्यांच्यासमोर खाली बसले. सुपातले गहू तसेच पडले होते. मग मी सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते, यंत्राचं, पैशांचं, आणि हेही की देवीनं मला जोडी फोडल्याची शिक्षा दिली आहे. त्यावर बाई मोठ्यानं हसल्या. किती वर्षांनी ते हसू मी भिंत मधे नसताना ऐकत होते. म्हणाल्या, "देवी का आपली सासू हाय, राग धरून बसाले?"

मग त्या आत गेल्या आणि महालक्ष्मीची पेटी ओढून आणली. भासरे गेल्यापासून ती उघडली नव्हती. विधवेनं महालक्ष्मी आणू नये म्हणतात. मुलगा-सून पुण्याला, त्यांना सुटी नसते. तीन वर्षं ज्येष्ठा पेटीतच होती. तिच्याशेजारी एक तांब्या होता, गळ्याला कुंकवाचे जुने डाग. मी विचारलं, हा कशाला? बाई म्हणाल्या, कनिष्ठेच्या जागी मी हाच उभा करायची. ज्येष्ठेच्या जागी मीसुद्धा तांब्याच उभा करत होते. आम्ही दोघी एका भिंतीच्या दोन बाजूंना एकमेकींच्या जागी तांब्या पुजत होतो, आणि दोघींनाही ते माहीत नव्हतं.

पेटीच्या तळाशी ज्येष्ठेची एकदाणी होती. सोन्याच्या मण्यांची एकपदरी माळ, तीन तोळ्यांची, सासूबाईंच्या सासूंनी देवीला केलेली. बाईंनी ती माझ्या मांडीवर ठेवली. "हे पतसंस्थेत ठेव अन् मशीन बसव."

मी हात लावायला तयार नव्हते. संध्याकाळी हे आले, त्यांनीही हात जोडले. म्हणाले, "वहिनी, देवीचं सोनं आहे. गहाण टाकलं तर गाव काय म्हणीन?"

बाई म्हणाल्या, "गाव काय मले भाकरी देते? अन् देवीले का मी इकून राह्यलो? उसनं मागून राह्यलो. तिची बहीण आजारी हाय, ती काय नाही म्हणीन का?" मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "पण फेडाचं. हे माहं नाही. तिचं हाय."

उसनं या शब्दानंच मला धीर आला. कोणी देऊन टाकलं असतं तर मी घेतलं नसतं. उसनं म्हणजे फेडायला जगावं लागतं.

श्रावण लागता लागता ऑपरेशन झालं. आत नेण्याआधी नर्सनं बांगड्या, मंगळसूत्र सगळं काढायला सांगितलं. बांगड्या यांच्या हातात दिल्या. मंगळसूत्र घ्यायला बाई मागे सरल्या, हात पदराला पुसू लागल्या, म्हणाल्या, माझ्याजवळ नको. मी त्यांच्याच हातात दिलं. त्यांनी ते पदराच्या टोकाला तीन गाठी मारून बांधलं आणि ती गाठ मुठीत धरून बसल्या. मी बाहेर येईपर्यंत त्यांनी मूठ उघडली नव्हती, हे यांनी नंतर सांगितलं.

मला झोपवलं नव्हतं, फक्त खांद्याची जागा बधिर केली होती. तोंडावर हिरवं कापड. डॉक्टरांचं बोलणं ऐकू यायचं. दोन तारा बसल्या. तिसरी हृदयाच्या मागच्या बाजूच्या शिरेत जायची होती, ती जाईना. शीर बारीक आहे, वळण अवघड आहे, असं काहीतरी म्हणत होते. पाठ मोडून आली. दम कोंडायला लागला. एकदा डॉक्टर म्हणाले, अजून एकदा बघू, नाही तर थांबावं लागेल. त्या वेळी मला वाटलं होतं मी देवीला जीव मागेन. पण मागताच आलं नाही. कापडाखाली डोळे मिटले आणि मला फक्त दार दिसलं, कुंकवाची पावलं दिसली. मी मनात एवढंच म्हटलं, माय, दोघी या. मला ने नाहीतर ठेव, पण दोघी मिळून या. आणि मग मी हात सोडून दिले. तोवर माझी मूठ आवळलेली होती हे मला तेव्हाच कळलं.

किती वेळ गेला ते माहीत नाही. कोणीतरी म्हणालं, "बसली." आत येताना दिसलेल्या लॅपटॉपवाल्या मुलीनं काहीतरी दाबलं आणि म्हणाली, "सर, बघा, पट्टी बदलली, दोन्ही बाजू एकदम." बस, इतकंच झालं. डॉक्टरांच्या हाताला यश होतं, शीर होती, तार होती. यापेक्षा जास्त मी काही सांगू शकत नाही आणि सांगायला गेले तर ते खोटं वाटेल.

घरी आल्यावर एक दिवस, पंधरा-वीस दिवस झाले असतील, मला जाग आली तेव्हा मी उताणी झोपलेली होते. पोतं बाजूला सरकलेलं. छाती हलकी. आधी वाटलं मेले. मग पलीकडे बाईंचा तवा वाजला.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, दीड महिना डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, त्या हातानं वजन धरायचं नाही. मोबाईल पोलक्यात ठेवायची सवय तोडायची, कारण यंत्र नेमकं तिथंच. बाई त्यावरून मला रोज चिडवायच्या. "छातीतला नवा डागिना व तुहा, आता फोन कमरेले लाव अन् हवालदारीन हो."

भाद्रपद आला. पेटी उघडली, दोघींना चिंचेनं घासून लख्ख केलं. पाच गल्ल्यांतल्या बायका जमल्या. बाईंनी शेजारच्या घरची एक सवाष्ण बोलावून ठेवली होती, ज्येष्ठा तिच्या हातात द्यायला. स्वतः मागे चुलीजवळ उभ्या राहिल्या. तीन वर्षांची सवय. मी उंबऱ्याबाहेर कनिष्ठेला उजव्या हातावर घेऊन उभी होते. डावा हात गळ्यात बांधलेला. शेजारीण पुढे आली आणि मला काय झालं कोणास ठाऊक, सगळ्यांसमोर माझा आवाज निघाला. "ज्येष्ठा बाई आणतील."

कोणीतरी मागून म्हणालं, असं नसते व चालत. दुसरी म्हणाली, तिची तब्येत बरी नाही, कुठं बोलता तिले. मी पुन्हा म्हटलं, "माझा एक हात बांधलेला आहे. मला नीट जमत नाही. बाई बाजूला असल्या तरच मी आत येईन." इतकं बोलूनही धाप लागली नव्हती.

बाई चुलीजवळून हलेनात. शेवटी आमच्या घरचे, जे बायकांच्या कामात कधी पडत नाहीत, ते म्हणाले, "वहिनी, देवी दारात ताटकळली आहे." मग त्या आल्या. ज्येष्ठेला घेताना त्यांनी आधी तिची नथ सरळ केली. मी हळू चालणार म्हणून त्यांनी पाऊल आखडतं घेतलं. ताटली वाजू लागली. आतून विचारलं, कोण आलं? बायका म्हणतात, महालक्ष्मी आली. बाईंना ते म्हणता आलं नाही. मी म्हटलं. दोघींच्या वाटचं मीच म्हटलं. त्या वर्षी ज्येष्ठेच्या गळ्यात एकदाणी नव्हती, गेंदाच्या फुलांची माळ होती. कोणी विचारलं नाही. ज्यांनी मघाशी नको म्हटलं होतं त्यांनीच पुढे येऊन बाईंच्या हातून ओटी भरून घेतली.

तेव्हापासून मी एक शिकले. देवापुढे डोकं टेकवायला काही लागत नाही, ते मी रोज टेकवत होते. माणसापुढे तोंड उघडायला मात्र सगळं खाली ठेवावं लागतं. देवी माझ्याकडे इतकी वर्षं तेवढंच मागत होती असं आता वाटतं.

मग फेडायचं सुरू झालं. दर महिन्याला बाजाराच्या दिवशी मी आणि बाई एसटीनं देऊळगाव राजाला जायचो. मेथी, वांगी विकून जे उरे ते, पुढच्या हंगामात नेटमध्ये पुन्हा उभी राहिले तेव्हाची मजुरी, सगळं रुमालात बांधून. खिडकीत भरायचं, पावती घ्यायची. मग बालाजीच्या देवळात जाऊन बसायचं. मग रसवंतीवर एक ग्लास रस दोघींत, कारण बाईंना साखरेची भीती आणि मला पाण्याचं माप. त्या मला बसमध्ये खिडकीची जागा द्यायच्या, डावा खांदा कोणाचा लागू नये म्हणून. वाटेत अकरा वर्षांचं एकेक सांगायच्या. सहा-सहा महिन्यांनी मी यंत्र दाखवायला संभाजीनगरला जाते. पडद्यावर बघून तिथली मुलगी म्हणते, मावशी, छान चाललंय, बॅटरी अजून बरीच वर्षं आहे.

या वैशाखात बियाण्याचे पैसे आले. आम्ही दोघी गेलो. खिडकीतल्या माणसानं हिशेब केला, उरलेले सतरा हजार चारशे मागितले. मी दोनदा मोजून दिले. त्यानं वहीवर शिक्का मारला, आतून पाकीट आणलं आणि एकदाणी काट्यावर ठेवून वजन दाखवलं. तीन तोळे, जशीच्या तशी. मी सही केली. बाईंनी माळ डोळ्यांना लावली आणि पिशवीत ठेवली.

मला वाटलं होतं त्या दिवशी मला फार हलकं वाटेल. पण बाहेर आल्यावर मी पायरीवरच थांबले. पुढच्या बाजाराला इथं यायचं कारणच उरलं नव्हतं. मनात आलं, एक हप्ता मागे ठेवला असता तर. देवी, मला क्षमा कर, पण आलं मनात. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "काय व, तोंड काऊन उतरलं? फिटलं ना समदं?"

मी म्हटलं, "हाव बाई. फिटलं समदं."